एकटीनं टेकायची जागा

दिवाळीचा आकाशकंदील उतरून माळ्यावर गेला की पुढच्या आठवड्यातल्या एका दिवसाची मी रजा टाकते. शक्यतो मंगळवार किंवा बुधवार. शुक्रवारी-शनिवारी लंडनच्या पबांमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि मी जे शोधत जाते ते गर्दीत सापडत नाही. यंदाही सकाळी डबा भरता भरता नवरा म्हणाला, "आज तुझा चालायचा दिवस ना? छत्री घे." कुठं जाणार, किती वाजता येणार, हे तो आता विचारत नाही.

रसेल स्क्वेअरच्या स्टेशनाबाहेर पडायचं आणि अंधार पडेपर्यंत लाइमहाउसला नदीकाठी पोचायचं. दहा-अकरा किलोमीटर भरतात. वाटेत जुने पब आठ. काहींत मी नुसती डोकावते, काहींत तासभर बसते. तीन ठिकाणी हाफ पाइंट, म्हणजे २८४ मिलिलिटर बियर, आणि बाकी ठिकाणी चहा नाहीतर सूप. आमचे अण्णा माळकरी. वाईच्या घरात या गोष्टीचं नावही निघत नसे. म्हणून मला पहिल्यांदाच सांगावंसं वाटतं, की या दिवशी मी दारूसाठी बाहेर पडत नाही. बसण्यासाठी पडते. एकटीनं, कुणालाही कारण न सांगता.

रसेल स्क्वेअरहून पाच मिनिटांवर कोरम्स फील्ड्स नावाचं मोठं मैदान आहे. अठराव्या शतकात इथं टाकून दिलेल्या मुलांचा अनाथाश्रम होता, आता मुलांना खेळायची जागा आहे. फाटकावरची पाटी सांगते की सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत प्रवेश नाही. मला ही पाटी फार आवडते. जगातल्या बहुतेक दारांवर लहानांना सोबत लागते, इथं मोठ्यांना लागते. सोबत असली तरच आत, हा नियम मात्र माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडं वळायचंच आहे.

मैदानासमोरून लॅम्ब्स कॉन्ड्यूट स्ट्रीट सुरू होते. विल्यम लॅम्ब नावाच्या गृहस्थानं १५७७ मध्ये इथली पाण्याची जुनी योजना स्वखर्चानं दुरुस्त करून दिली, म्हणून रस्त्याला त्याचं नाव. त्याच रस्त्यावरचा 'द लॅम्ब' हा माझा पहिला मुक्काम. बाहेरून गडद हिरव्या टाइल्स, आत गडद लाकूड, आणि बारच्या भोवती, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, काचेच्या लहान लहान झडपांची एक रांग. नक्षी कोरलेली दुधी काच, लाकडी चौकट, मधोमध खुंटी. बोटानं ढकलली की झडप फिरते. पलीकडची बाई दिसते, तुम्ही मागणी सांगता, पैसे देता, झडप पुन्हा लावून घेता. यांना 'स्नॉब स्क्रीन' म्हणतात. व्हिक्टोरियन काळातल्या बऱ्या घरच्या गिऱ्हाइकांना बारमागच्या नोकरांनी किंवा पलीकडच्या कामगार गिऱ्हाइकांनी आपला चेहरा पाहू नये असं वाटे, त्यांच्यासाठी ही सोय. लंडनच्या फार थोड्या पबांत ती शिल्लक आहे.

मी दरवर्षी त्यातली एक झडप उघडून, बंद करून बघते. खुंटी थोडी कुरकुरते. काचेवरची नक्षी बोटाला खरखरीत लागते. आणि दरवर्षी मला सातारचा एस. टी. स्टँड आठवतो.

आई शाळेत शिक्षिका होती. एकदा कराडहून परत येताना साताऱ्यात तिची वाईची गाडी चुकली. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि पुढच्या गाडीला बराच वेळ होता. स्टँडसमोर एक हॉटेल होतं, बाहेर पाटी होती, 'फॅमिली रूमची सोय आहे'. आपल्याकडची फॅमिली रूम ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मागच्या बाजूला प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला मळकट पडदा नाहीतर कमरेपासून वर असलेलं अर्धं दार, आत दोन बाकं आणि एक टेबल. बायकांनी पुढं पुरुषांच्यात बसायचं नाही, पडद्यामागं बसायचं. आई तेवढंही करायला तयार होती. पायरी चढून दारात गेली. पोऱ्यानं विचारलं, "किती जण?" आई म्हणाली, "एकटीच." पोऱ्यानं तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं कोणी आहे का, येतंय का, एवढंच. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, असं आईच म्हणायची. पण ती तिथूनच वळली. गाड्यावरून दोन केळी घेतली आणि खांबाआड उभं राहून खाल्ली.

हे तिनं मला मी कॉलेजात असताना सांगितलं. आम्ही दोघी गहू निवडत होतो. "भुकेचं काही नव्हतं गं," ती म्हणाली, "पण चहाची इतकी तल्लफ आली होती." पस्तीस वर्षं नोकरी केली, घर चालवलं, दोन दिरांची लग्नं केली. पण एकटीनं हॉटेलात बसून एक कप चहा ती आयुष्यात कधी प्यायली नाही. तिला एकटीनं बसायला जागा होती ती कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांशी. कारण तिथं बसलेल्या बाईकडं देवाचं निमित्त असतं.

लंडनला आल्यावर पहिली आठ वर्षं मीही एकटीनं कुठल्या पबात गेले नाही. ऑफिसच्या लोकांबरोबर गेले, तेही दाराशी उभं राहून सोडा पिऊन परत. आई गेली त्या वर्षी वाईला जाऊन, दिवस करून परतले. दुसऱ्या आठवड्यात कामावरून येताना दोन स्टेशनं आधीच उतरले. का ते सांगता येणार नाही. घरी जायचं नव्हतं, एवढं खरं. पाऊस लागला म्हणून कोपऱ्यावरच्या एका पबाचं दार ढकललं. बारमागं साठीची एक बाई ग्लास पुसत होती. ती म्हणाली, "बोल गं, काय देऊ?" इंग्रजीत ती 'लव्ह' म्हणाली, पण माझ्या कानाला 'गं'च ऐकू आलं. मी विचारलं, चहा मिळेल का? मोठ्या मगमध्ये चहा मिळाला. खिडकीशी जाऊन बसले. दीड तास बसले. किती जण, असं कुणी विचारलं नाही. माझ्या खांद्यावरून मागं कुणी बघितलं नाही. तिथं मी आईसाठी पहिल्यांदा नीट रडले आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. गेलं असलं तरी त्यांनी ते कळू दिलं नाही.

तेव्हापासून ही वाट.

पब हा 'पब्लिक हाउस'चा लहान केलेला शब्द. परवाना काढून सगळ्यांना उघडं केलेलं घर. पूर्वी मालक वरच्या मजल्यावर राहायचा, अजूनही पुष्कळ ठिकाणी राहतो. इथं टेबलाशी कुणी मागणी घ्यायला येत नाही, आपण उठून बारशी जायचं, पैसे तिथल्या तिथं द्यायचे, ग्लास घेऊन हवं तिथं बसायचं. त्यामुळं ग्लास रिकामा होऊन तासभर झाला तरी "अजून काही?" म्हणत डोक्याशी कुणी उभं राहत नाही. बारशी रांग दिसत नाही, पण कोण कुणाच्या आधी आलं हे बारमागच्या माणसाला बरोबर माहीत असतं. चुकून तुम्हाला आधी विचारलं तर शेजाऱ्याकडं बोट दाखवायचं. या एका साध्या रिवाजानं मला या देशात सामावून घेतलं, असं मी मनापासून म्हणू शकते.

हाय होबर्नवरचा 'प्रिन्सेस लुईझ' हा सगळ्यांत देखणा. नाव व्हिक्टोरिया राणीच्या चौथ्या मुलीचं, आतली सजावट १८९१ सालची. टाइल्स, कोरीव आरसे, सोनेरी छत आणि महोगनीच्या पडद्यांनी पाडलेले लहान लहान कप्पे, मधोमध बार. मधल्या काळात हे पडदे काढून टाकलेले होते, २००८ च्या सुमारास जुन्या पद्धतीनं पुन्हा बसवले. यॉर्कशायरच्या ज्या ब्रुअरीचा हा पब, ती आपल्या पबांत ना गाणी लावू देत ना टीव्ही. आत फक्त माणसांच्या बोलण्याचा आवाज, तोही कप्प्यांमुळं दबलेला, गाभाऱ्याबाहेरच्या सभामंडपात असतो तसा.

हे कप्पे म्हणजे त्या काळच्या समाजाचा नकाशा आहे. कामगारांचा पब्लिक बार, तिथं लाकडी बाकं आणि बियर पैशा-दोन पैशांनी स्वस्त. बऱ्या लोकांचा सलून बार, तिथं गालिचा. घरी न्यायला बियर हवी तर वेगळं दार, तिथं बायका आणि पोरं भांडं घेऊन यायची. आणि एखादा अगदी लहान कोपरा, 'स्नग', तिथं बायका बसायच्या, पुरुषांच्या नजरेआड. म्हणजे फॅमिली रूमच. प्लायवूडच्या जागी महोगनी, इतकाच फरक. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. मी ज्या मोकळेपणावर भाळले होते तो इथल्या भिंतींत आधीपासून नव्हता. कुणीतरी भांडून मिळवलेला होता.

त्या भांडणाची जागा याच वाटेवर आहे. पण त्याआधी 'सिटी ऑफ यॉर्क'. १४३० पासून या जागेवर मद्यालय असल्याचं सांगतात, आताची इमारत १९२० च्या दशकातली. उंच छत, बारच्या वर प्रचंड लाकडी पिंपं, भिंतीलगत वकिलांसाठी दोघा-तिघांचे कप्पे. कारण शेजारीच ग्रेज इन, बॅरिस्टरांची जुनी संस्था. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं ते या संस्थेतच. मी पबात जाण्याआधी ग्रेज इनच्या अंगणाच्या कमानीत दोन मिनिटं उभी राहते. पुढं बाबासाहेब पुन्हा लंडनला आले तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसायचे, उपाशीपोटी, खिशात पैसे मोजून. म्युझियम इथून चालत पंधरा मिनिटांवर. आज मी ज्या रस्त्यावर हौसेनं एकटी हिंडते त्याच रस्त्यावर त्यांचा एकटेपणा किती वेगळा असेल. आत मी सूप घेतलं आणि लवकर निघाले.

चान्सरी लेन उतरून फ्लीट स्ट्रीटला आलं की डावीकडं वळायचं. ही एके काळी वर्तमानपत्रांची गल्ली. इथं 'एल व्हिनो' नावाची वाइनची जुनी जागा आहे. वकील आणि पत्रकारांचा अड्डा. तिथं नियम असा की बायकांनी बारशी उभं राहून वाइन मागायची नाही. मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, तिथं आणून देऊ. स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा १९७५ मध्ये झाला तरी हा नियम हलला नाही. मालकांचं म्हणणं, आम्ही बायकांना नाकारत कुठं आहोत, उलट बसायला खुर्ची देतो. टेस गिल ही वकील आणि ॲना कूट ही पत्रकार, दोघी बारशी उभ्या राहिल्या, दोघींना नकार मिळाला, दोघी कोर्टात गेल्या. खाली हरल्या. अपील केलं आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये जिंकल्या. फ्लीट स्ट्रीटच्या बातम्या त्या बारशी उभ्या असलेल्या गर्दीतच फिरतात, मग बाई पत्रकाराला तिथं उभं राहू दिलं नाही तर तिचं नुकसान होतं, हे कोर्टानं मान्य केलं.

१९८२. मी तेव्हा वाईत बालवाडीत होते. म्हणजे हे काही पणजीच्या काळातलं नाही. खुर्ची देतो, मान देतो, पडदा लावून देतो, असं म्हणत बाईला मागच्या खोलीत बसवणारे लोक साताऱ्यात होते आणि फ्लीट स्ट्रीटवरही होते. त्या दाराशी मी दरवर्षी थांबते. आत जात नाही. फक्त त्या दोघींची नावं मनात घेते.

'चेशायर चीज' तिथून हाकेच्या अंतरावर. १६६६ च्या आगीत शहर जळलं आणि १६६७ मध्ये हा पब पुन्हा बांधला. दार मुख्य रस्त्यावर नाही, वाइन ऑफिस कोर्ट नावाच्या बोळात आहे. दाराशेजारी पाटी आहे, त्या वर्षापासून गादीवर आलेल्या राजा-राण्यांची यादी. आत सूर्यप्रकाश जवळजवळ नाहीच. अरुंद जिना, त्याखाली आणखी अरुंद जिना, तळघरात कमानी. शेकोटीच्या धुरानं काळवंडलेलं लाकूड. मागच्याच चौकात सॅम्युअल जॉन्सन राहायचा, इंग्रजीचा मोठा कोश त्यानं १७५५ मध्ये पुरा केला तो. इथं पॉली नावाचा पोपट होता. तो १९२६ मध्ये मेला तेव्हा देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. शेकोटीजवळ मी ब्रेड, चीज आणि कांद्याचं लोणचं मागवलं. याला इथं 'नांगरकऱ्याचं जेवण' म्हणतात. भाकरी-कांद्याच्या मुलखातून आलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही.

पुलाच्या तोंडाशी, रेल्वेला खेटून, इस्त्रीच्या आकाराचा 'ब्लॅक फ्रायर' उभा आहे. इमारत १८७५ ची. १९०५ च्या सुमारास हेन्री पूल या शिल्पकारानं आणि वास्तुरचनाकार फुलर-क्लार्कनं आत संगमरवर, मोझेक आणि तांब्याच्या उठावचित्रांनी एक छोटं लेणंच केलं. या जागी पूर्वी काळा झगा घालणाऱ्या साधूंचा मठ होता, म्हणून भिंतीभर गुबगुबीत साधू. कुणी गातोय, कुणी द्राक्षं तोडतोय. एका चित्रात ते मासे आणि ईल पकडतायत आणि खाली लिहिलंय, 'उद्या शुक्रवार'. शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी माशांची तयारी. उद्या एकादशी म्हणून आदल्या रात्री साबुदाणा भिजवणाऱ्या घरात वाढलेल्या मला या चित्रापुढं परकं वाटणं शक्यच नाही. १९६० च्या दशकात हा पब पाडायचं घाटत होतं. जॉन बेट्जमन या कवीनं आणि इतरांनी ओरड केली म्हणून वाचला.

पहिला हाफ मी लॅम्बमध्ये घेतला होता, दुसरा इथं. हातपंपाची बियर. बारवरचा उंच लाकडी दांडा बारमागची मुलगी दोन-तीन वेळा सावकाश ओढते आणि तळघरातल्या पिंपातून बियर वर येते. ही बियर पिंपात शिरल्यावरही जिवंत असते, आत आंबणं चालूच असतं, त्यातूनच तिला हलकासा फेस येतो. तळघर बारा अंशांच्या आसपास ठेवायचं, पिंप आणलं की त्याला हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा, खुंटी ठोकून वायू हळूहळू बाहेर जाऊ द्यायचा. एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबट होतं. विरजणाची वाटी सांभाळणारी बाई आणि तळघर सांभाळणारा माणूस एकाच जातकुळीचे. दोघांनाही हात लावून, वास घेऊन कळतं. साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही बियर काढून टाकून वायू भरलेली, गाळलेली, टिकाऊ बियर सगळीकडं आणायला सुरुवात केली. मग १९७१ मध्ये काही गिऱ्हाइकांनी चळवळ उभारली, 'कॅमरा'. आज हातपंप दिसतात ते बऱ्याच अंशी त्या हट्टामुळं. एखादी चव जाऊ नये म्हणून लोक संघटना काढतात, पत्रकं वाटतात, पन्नास वर्षं टिकून राहतात, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडं घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ कसे गेले ते आठवलं की जास्तच.

ब्लॅकफ्रायर्स पूल ओलांडून दक्षिण काठानं चालत बरो मार्केटपाशी आले तेव्हा पावणेतीन झाले होते. बरो हाय स्ट्रीटच्या एका अंगणात 'द जॉर्ज' आहे. १६७६ मध्ये सदर्क जळालं, १६७७ मध्ये हा पुन्हा बांधला. घोडागाड्यांच्या काळातली सराई. आत अंगण, वर लाकडी सज्जे, सज्जांमागं प्रवाशांच्या खोल्या. लंडनमध्ये असे सज्जे असलेली ही एकच सराई उरली आहे, तीही एका बाजूची. बाकीच्या बाजू १८८९ मध्ये रेल्वेनं गोदामांसाठी पाडल्या. १९३७ पासून ती नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. शेजारच्याच आवारात 'टॅबर्ड' नावाची सराई होती. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीनं आपले यात्रेकरू कँटरबरीला पाठवले ते तिथून. यात्रेकरूंनी शहराच्या वेशीवर जमायचं, एकमेकांना गोष्टी सांगत चालायचं, मुक्कामाला टेकायचं. फलटण, नातेपुते, वेळापूर अशी नावं तोंडपाठ असलेल्या घरातल्या मुलीला हे नव्यानं समजावून घ्यावं लागलं नाही.

अंगणातल्या बाकावर चहा घेऊन बसले असताना शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थानं विचारलं, "कुणाची वाट पाहताय?" चांगला माणूस होता, त्याला खुर्ची हवी होती. मी म्हणाले, "नाही, घ्या." पण हा प्रश्न ऐकला की पोटात अजून काहीतरी आवळतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पबात हाच प्रश्न वेगळ्या सुरात आला होता, दोनदा आला, आणि तिसऱ्यांदा येण्याआधी मी अर्धा ग्लास तसाच टाकून निघून आले होते. सगळे पब देवळं नसतात. बाईला दारातून आत पाऊल टाकताना क्षणभर खोलीचा अंदाज घ्यावाच लागतो. कोण कुठं बसलंय, बारमागं कोण आहे, बाहेर पडायची वाट कुठं. पुरुष हे करत नसावेत. मी अजूनही करते.

टॉवर ब्रिज ओलांडून वॉपिंगला लागलं की शहराचा आवाज एकदम मागं पडतो. दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना उंच विटांची गोदामं, वरून आडव्या गेलेल्या लोखंडी साकवांच्या खुणा. आता तिथं महागडी घरं आहेत. एका गल्लीचं नाव सिनॅमन स्ट्रीट. दालचिनी, मिरी, चहा, नीळ, सगळं इथंच उतरायचं. पूर्वेकडं ब्लॅकवॉलला ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागत आणि तिथून जवळ, बो इथं, हॉजसनची ब्रुअरी होती. कंपनीच्या कप्तानांना तो दीड वर्षाच्या उधारीवर बियर द्यायचा. ती पिंपं आफ्रिकेला वळसा घालून, चार-सहा महिने हिंदकळत, मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जायची. भरपूर हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी फुलं, घातलेली ही फिकट बियर त्या प्रवासात टिकायची, मुरायची. पुढं तिचंच नाव इंडिया पेल एल पडलं. आज लंडनच्या कुठल्याही पबात बारवर 'आय. पी. ए.' लिहिलेलं असतं, त्यातला 'आय' म्हणजे आपण. पितात सगळे, पण ते अक्षर कुठून आलं याचा विचार कुणाच्या मनात येत असेल असं वाटत नाही.

वॉपिंगच्या या काठावर समुद्री चाच्यांना फाशी देत. कॅप्टन किडला १७०१ मध्ये दिली. त्यानं लुटलेलं सगळ्यांत मोठं जहाज 'क्वेडा मर्चंट', बंगालहून सुरतेला माल घेऊन निघालेलं, १६९८ मध्ये मलबारच्या बाजूला त्याच्या हाती लागलं. मुघल दरबार खवळला, कंपनीचा व्यापार अडचणीत आला आणि किडचे दिवस भरले. त्याच्या नावाचा पबही इथं आहे. मी मात्र पुढं 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी'त जाते. दगडी फरशी, जस्ती रंगाच्या धातूनं मढवलेला बार, जहाजाच्या डोलकाठ्यांचे खांब, आणि मागं थेट नदी.

वाटेत दोन बंद पब लागले. एकाच्या दर्शनी भागावर जुनी सोनेरी अक्षरं तशीच, आत मात्र फ्लॅट. २००० मध्ये या देशात साठ हजारांवर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या घरात. कर, भाडी, दुकानातली स्वस्त बियर, जमिनीचे भाव, कारणं सगळ्यांना माहीत आहेत. मेडा व्हेलमधला 'कार्ल्टन टॅव्हर्न' २०१५ मध्ये बुलडोझर लावून परवानगीविना पाडला. लोक चिडले, नगरपालिकेनं तो पुन्हा होता तसा बांधायचा हुकूम दिला आणि २०२१ मध्ये तो खरोखर उघडला. पाडलेलं घर कुणीतरी पुन्हा उभं करायला लावलं, हे वाचून त्या दिवशी मी अण्णांना फोन करून सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "वाईतले वाडे पाडले तेव्हा असं कुणी पायजे होतं." मग थोडं थांबून, "तू बसतीस का अजून तिथं?" मी म्हणाले, "बसते." तर म्हणाले, "बस. तुझी आई कधी बसली नाही."

सव्वाचारला सूर्य बुडाला. शॅडवेलच्या गोदीला वळसा घालून नॅरो स्ट्रीटला पोचले तेव्हा पूर्ण अंधार होता. 'द ग्रेप्स' हा अगदी चिंचोळा पब आहे, दोन घरांच्या मध्ये दाबून बसवल्यासारखा. अभिनेते इयन मकेलन याच्या मालकांपैकी एक. शेवटचा हाफ मी इथं घेते आणि मागच्या लाकडी सज्जावर जाते. खाली थेट थेम्स. याच लाइमहाउसला १८५७ मध्ये आशियाई खलाशांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं होतं. जहाजं इथं आणून सोडायची आणि परतीचं जहाज मिळेपर्यंत माणसं थंडीत रस्त्यावर पडायची, म्हणून. त्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसं असत, जेवणघरात गोव्याची. संगमेश्वराच्या, दापोलीच्या खाडीकाठची पोरं याच पाण्याकडं बघत, याच धुक्यात, घरच्या आठवणी काढत उभी राहिली असतील.

सज्जासमोर पाण्यात एका खांबावर लोखंडाचा माणूस उभा आहे. अँटनी गॉर्मली या शिल्पकाराचा. एकटा, उघडा, हात बाजूला सोडलेले. भरती चढत होती. खांबाचा खालचा भाग दिसेनासा झाला आणि माणूस पाण्यावर उभा असल्यासारखा दिसू लागला. गार वारा सुटला तशी मी आत आले आणि शेकोटीजवळची खुर्ची धरली.

तेवढ्यात पुढचं दार अर्धवट उघडलं. पंचवीस-सव्वीसची मुलगी. आपल्याकडचीच असावी, किंवा लंकेची, बांगलादेशची, सांगता येत नाही. पाठीला लॅपटॉपची बॅग, ओली छत्री हातात. दारात तशीच उभी. तिनं एकदा बारकडं पाहिलं, एकदा टेबलांकडं, एकदा मागं रस्त्याकडं. ते बघणं मला पूर्ण ओळखीचं होतं. उठावं, तिला बोलवावं, माझ्याशेजारी बस म्हणावं, असं फार वाटलं. उठले नाही.

बारमागच्या माणसानं मान वर केली. "बोल गं, काय देऊ?"

ती आत आली, छत्री झटकली, दार लावून घेतलं. काहीतरी हळू आवाजात मागितलं. पैसे दिले, मग घेऊन खिडकीशी गेली, बॅगेतून पुस्तक काढलं आणि बूट काढून पाय खुर्चीवर घेतले. मगमधून वाफ येत होती. चहा होता.